विद्युतघटातले भोवरे

श्रोतेहो, ज्यांच्या घरी द्राक्षाची किंवा संत्र्याची बाग आहे, त्यांना बोर्डो मिश्रणाची एक जुनी परीक्षा ठाऊक असेल. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवून एकत्र केले, की त्या मिश्रणात घासून लख्ख केलेल्या विळ्याचे पाते घटकाभर धरायचे. पाते जसेच्या तसे राहिले, तर मिश्रण फवारायला योग्य. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. आणखी निवळी घालायची. हे मिश्रण लोखंडी बादलीत करू नका असे सांगतात, तेही याचसाठी.

हा तांबूस थर म्हणजे नुसता रंग नव्हे. ते खरेखुरे तांबे असते. पाण्यात विरघळलेल्या मोरचुदातले तांबे विद्युत्‌भारित कणांच्या रूपात पोहत असते. या कणांना आपण आयन म्हणतो. आयनाला बाहेरून इलेक्ट्रॉन मिळाले की तो पुन्हा धातू होतो आणि जिथे मिळाले तिथेच बसतो. विळ्याच्या बाबतीत हे इलेक्ट्रॉन लोखंडाने दिले. भोसरी-पिंपरीकडच्या मुलामा देणाऱ्या कारखान्यांत ते विजेच्या तारेतून येतात. काम तेच. द्रावणातला धातू पृष्ठभागावर आणून बसवायचा.

आता हे सारे सांगण्याचे कारण असे, की विजेच्या ज्या घटांवर मोबाइल, दुचाकी आणि पुण्यात २०१९ पासून धावणाऱ्या पीएमपीच्या विजेच्या बसगाड्या चालतात, त्यांच्या पुढच्या पिढीचा सगळा प्रश्न या मुलाम्यापाशी येऊन अडला आहे. आणि गंमत अशी, की त्यावर शोधलेल्या उपायांपैकी एकाचे तत्त्व भेंडीच्या भाजीत दिसते. तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण जरा धीर धरा.

आजच्या लिथियम-आयन घटात ऋण बाजूला ग्राफाइट असते. पेन्सिलीच्या शिसातले, तेच ते. घट भारित होताना, म्हणजे चार्ज होताना, लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. पुस्तकाच्या पानांत खुणेच्या चिठ्ठ्या ठेवाव्या तसे. व्यवस्था सुरक्षित आहे, पण त्यात सगळे ओझे पुस्तकाचेच होते. एक ग्रॅम ग्राफाइट जेमतेम ३७२ मिलिअँपिअर-तास इतका भार साठवते. पुस्तक काढून टाकले आणि लिथियम धातूच सरळ पत्र्यावर बसवला, तर एका ग्रॅमला ३,८६० मिलिअँपिअर-तास मिळतात. दहापट! म्हणजे घट भारित करणे म्हणजे लिथियमचा मुलामा चढवणे, आणि घट वापरणे म्हणजे तोच मुलामा पुन्हा विरघळवणे. असे शेकडो, हजारो वेळा.

ही कल्पना नवी नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूचा घट करून दाखवला. पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी ते एक. पण धातूचे हे घट पेट घेत. मोली एनर्जी या कॅनेडियन कंपनीने असे घट बाजारात आणले आणि १९८९ मध्ये जपानमध्ये आगीच्या घटनेनंतर तिला ते परत मागवावे लागले. मग १९९१ मध्ये सोनीने कार्बनमध्ये लिथियम बसवणारा घट आणला आणि जग त्या वाटेने गेले. दहापट साठा सोडून देऊन आपण सुरक्षितता विकत घेतली, असा त्या व्यवहाराचा अर्थ.

मग मुलाम्यात बिघडते काय?

विहिरीचे उदाहरण घ्या. झरा तासाला जेवढे पाणी देतो, त्याहून कमी पाणी ओढणारा पंप असेल तर पातळी टिकून राहते. मोठा पंप बसवला की तळ दिसू लागतो आणि पंप हवा ओढतो. घटातही हेच होते. पत्र्याजवळचे आयन धातू होऊन बसले, की त्यांच्या जागी लांबचे आयन सरकत सरकत येतात. हा त्यांचा झरा. वीजप्रवाह हा पंप. घाईने चार्जिंग करायचे म्हणून प्रवाह वाढवला, तर एक वेळ अशी येते की पत्र्यालगत आयन उरतच नाहीत. या मर्यादेला मर्यादी प्रवाह म्हणतात.

विहीर कोरडी पडली की पंप बंद करता येतो. घटात मात्र आणखी ताण दिला तर वेगळीच गोष्ट घडते. द्रवात एरवी धन आणि ऋण आयन बरोबरीने असतात, म्हणून द्रव एकूण भाररहित असतो. पण पत्र्यालगत जो रिकामा पट्टा झाला, त्यात थोडेसे धन आयनच शिल्लक राहतात, त्यांना जोडीदार नसतो. हा भार असलेला पातळ थर विद्युत्‌क्षेत्राच्या ओढीने पत्र्याच्या कडेकडेने घसरू लागतो आणि आपल्याबरोबर द्रवालाही ओढतो. कुठे द्रव पत्र्याकडे येतो, कुठे पत्र्यापासून वर उठतो. झाले, भोवरे सुरू! चुलीवर आमटीला आधण येताना कढी जशी जागोजागी वर येते आणि खाली जाते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे आच नाही, वीज आहे. शास्त्रज्ञ याला विद्युत्-अभिसरण म्हणतात. फ्रान्समध्ये फ्लरी, शाझाव्हिएल आणि रोसो यांनी १९९२ मध्ये धातूच्या वाढत्या थराभोवती असे अभिसरण असल्याचे दाखवले. रुबिनस्टाइन आणि झाल्ट्समन यांनी २००० मध्ये त्याचे गणित मांडले, आणि २००८ मध्ये हे भोवरे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसले.

भोवरा एका जागी ताजे आयन आणून ओततो आणि शेजारची जागा उपाशी ठेवतो. जिथे ओततो तिथे थर जरा जाड होतो, उंचवटा येतो. उंचवट्याच्या टोकाशी विद्युत्‌क्षेत्र अधिक तीव्र असते, म्हणून पुढचे आयनही तिकडेच धावतात. आधीच ज्याच्या घरी भरले आहे त्याच्याच घरी आणखी भरायचे, हा न्याय जगात नवा नाही. उंचवट्याचे टोक होते, टोकाची फांदी होते, फांदीला उपफांद्या फुटतात. हे धातूचे झुडूप म्हणजे डेंड्राइट. ग्रीक भाषेत झाडाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले.

घटात धन आणि ऋण बाजूंमध्ये एक सच्छिद्र पडदा असतो. त्याची जाडी साधारणतः वीस-पंचवीस मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते. माणसाचा केस यापेक्षा जाड. झुडपाची एक फांदी पडदा भेदून पलीकडे पोचली, की दोन्ही बाजू आतल्या आत जोडल्या जातात. सगळी साठवलेली वीज त्या एका काडीतून वाहू लागते, काडी तापते, आतला ज्वालाग्राही द्रव तापतो. पुढचे सांगायला नको.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात विजेवर चालणाऱ्या एका दुचाकीने रस्त्याकडेला पेट घेतला आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्या वर्षी अशा घटना इतरत्रही झाल्या. नंतर दुचाकींच्या विद्युतघटांसाठी एआयएस-१५६ या मानकातल्या सुरक्षेच्या अटी कडक झाल्या, आणि त्या डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. प्रत्येक आगीमागे धातूचे झुडूपच असते असे कोणी समजू नये. सदोष जोडणी, सदोष घट, बेताल चार्जर, उन्हात तापलेली गाडी, अशा अनेक वाटांनी आग लागते. पण ग्राफाइटच्या घटातसुद्धा फार वेगाने किंवा कडाक्याच्या थंडीत चार्जिंग केले, तर लिथियम थरांत शिरण्याऐवजी वर धातू होऊन बसतो, हे मात्र पक्के ठाऊक आहे. म्हणजे मुलाम्याचा प्रश्न आजच्या घटातही दाराशी उभा आहेच.

आता भेंडीकडे वळू.

भोवरे थांबवायचे, तर द्रव घट्ट करावा, हे कोणालाही सुचेल. पाण्यापेक्षा काकवीत भोवरा उठणे कठीण. पण इथे एक अडचण आहे, आणि ती फार जुनी आहे. पॉल वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये दाखवून दिले की द्रव जितका घट्ट, तितके त्यातून आयनांचे सरकणे मंद; घट्टपणा दुप्पट झाला की विद्युत्‌वाहकता साधारण निम्मी होते. म्हणजे काकवीने भोवरे थांबतील, पण झराही थांबेल. घट चार्ज व्हायला दिवस उगवायचा आणि मावळायचा.

काकवी आणि भेंडीचा लोळ या दोन्हींना आपण चिकट म्हणतो. पण ते चिकटपण एका जातीचे नाही. काकवीची तार ओढली तर ती खाली गळत जाते आणि तुटते. भेंडी चिरताना सुरीला जी तार येते, ती ताणली जाते आणि सोडली की मागे आखडते, रबरासारखी. सब्जा भिजवून घोटला, जवस उकळला, तरी अशीच तार मिळते. अंड्याचा पांढरा बलक फेटताना तो फिरत्या दांड्यावर वर चढतो, हेही त्याच गुणाचे लक्षण. पाणी किंवा काकवी कधी दांड्यावर चढणार नाही, उलट फिरताना मधे खळगा पडेल.

हा गुण येतो कुठून? या लोळांत अतिशय लांब रेणू असतात. एकच लहान घटक हजारो वेळा साखळीसारखा जोडला गेलेला. अशा पदार्थाला बहुवारिक म्हणतात, व्यवहारात पॉलिमर. भातातला स्टार्च, गवारीच्या बियांचा डिंक, कापसातला सेल्युलोज हे निसर्गाचे बहुवारिक. पिशवीचे पॉलिथीन माणसाचे. पॉलिइथिलीन ऑक्साइड नावाचे पाण्यात विरघळणारे एक बहुवारिक आहे. त्याच्या दहा लाख रेणुभाराच्या एका साखळीत सुमारे २२,७०० कड्या असतात. मोकळी सोडली तर ही साखळी गुंडाळून एक गोळा होते, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाइतका. ताणून सरळ केली तर काही मायक्रॉन लांब होईल. म्हणजे गोळ्याची तार केली तर ती पन्नास-साठपट वाढते, आणि सोडली की पुन्हा गोळा व्हायला धडपडते. लोळाची आखडणारी तार म्हणजे अशा असंख्य गोळ्यांची धडपड.

आता भोवऱ्यात काय होते पाहा. भोवऱ्याच्या काठाशी, जिथे द्रव पत्र्याकडे येऊन दोन्ही बाजूंना फाकतो, तिथे द्रव खरोखर ताणला जातो. साधा द्रव त्याला फारसा विरोध करत नाही. साखळ्या असलेला द्रव मात्र ताणला जाताना ताठ होतो आणि मागे खेचतो. भोवऱ्याची शक्ती साखळ्या ताणण्यात खर्ची पडते. पुरेशा साखळ्या असतील तर भोवरा जन्मालाच येत नाही, किंवा आला तरी दुबळा येतो.

आणि आयन? ते या साखळ्यांमधून निवांत जातात. द्राक्षाच्या मांडवाखालून म्हैस जाऊ शकत नाही, पण चिमणी सुळकन निघून जाते. साखळ्यांची जाळी काही नॅनोमीटरच्या भोकांची असते आणि आयन त्याहून लहान. म्हणून आयनाला भोवतालचा द्रव जवळपास पहिल्याइतकाच पातळ भासतो. भोवरा मात्र त्याच्या हजारो पट मोठा, त्यामुळे त्याला सगळी जाळी एकदम ओढावी लागते. म्हणून बहुवारिकाच्या द्रावणात वाल्डेनचा नियम मोडतो. द्रव म्हशीला घट्ट आणि चिमणीला पातळ, अशी ही दुहेरी वागणूक आहे. माझ्या मते या विषयात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट कोणती असेल, तर ती हीच.

थोडेसे बहुवारिक वाहत्या द्रवाला शिस्त लावते, हे शास्त्राला पहिल्यांदा कळले ते विद्युतघटात नव्हे, नळात. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ बी. ए. टॉम्स यांनी १९४८ मध्ये हॉलंडमधल्या एका परिषदेत सांगितले की जोराने वाहणाऱ्या द्रवात किंचित बहुवारिक मिसळले तर नळातला रोध घटतो आणि तेवढ्याच दाबात जास्त द्रव वाहतो. नळातली खळबळ साखळ्यांनी दाबून टाकली होती. अलास्कातल्या लांबलचक तेलवाहिनीत १९७९ पासून ही युक्ती वापरली गेली. गवारीचा डिंकसुद्धा हे काम करतो. आपली गवार, श्रोतेहो!

या विद्येशी पुण्याचा संबंध जवळचा आहे. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर इंग्लंडमधल्या सॅल्फोर्ड येथे असताना बहुवारिकांच्या प्रवाहावर काम करीत होते. फिरत्या प्रवाहात बहुवारिकाने ओढ कशी कमी होते यावर काळे आणि उल्ब्रेख्ट यांच्यासह त्यांचा लेख १९७३ मध्ये नेचरच्या भौतिकशास्त्राच्या पत्रिकेत आला. १९७६ मध्ये ते पुण्याच्या प्रयोगशाळेत आले, इथे बहुवारिकशास्त्राचा मोठा गट उभा राहिला, आणि १९८९ ते १९९५ या काळात ते तिचे संचालक होते. विद्युतघट हा त्या काळी या अभ्यासाचा विषय नव्हता. पण लांब साखळी ताणली की द्रव कसा वागतो, हा प्रश्न तोच.

नळातली खळबळ आणि घटातले भोवरे यांत फरकही आहे, तो झाकून ठेवू नये. नळात पाणी वेगाच्या जोरावर उसळते. घटात फट केसाएवढी, वेग मुंगीच्या चालीचा. तिथे उसळी येते ती विजेमुळे. दोन्हीकडे समान आहे ते साखळीचे ताणले जाणे. आणि साखळी नेहमीच शहाण्यासारखी वागते असेही नाही. ग्रॉइसमन आणि स्टाइनबर्ग यांनी २००० मध्ये दाखवले की बहुवारिकाचे द्रावण अगदी संथ फिरवले तरी केवळ साखळ्यांच्या ताणामुळे त्यात खळबळ माजू शकते. औषधाचे प्रमाण चुकले तर जे होते ते इथेही.

विद्युतघटासाठी ही गोष्ट नीट मोजली गेली ती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, लिंडन आर्चर यांच्या गटात. त्यांचा २०१८ चा लेख सायन्स अॅडव्हान्सेस या नियतकालिकात आहे. लेखकांच्या यादीत एक टिकेकर हे नाव वाचून मराठी माणसाचे डोळे थबकतात. त्यांनी अतिशय मोठ्या रेणुभाराचे, भाररहित बहुवारिक विद्युतघटाच्या द्रवात विरघळवले. इतके, की साखळ्या एकमेकींत गुंतल्या पाहिजेत; शिजलेल्या शेवयांचे भांडे डोळ्यांपुढे आणा. मग ताण वाढवत नेला आणि भोवरे नेमके कधी सुरू होतात ते पाहिले. निष्कर्ष असा, की भोवऱ्यांशिवाय जितका ताण देता येतो तो घट्टपणाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढतो.

गणिताच्या शिक्षकांना हे लगेच उमगेल, बाकीच्यांसाठी सांगतो. द्रवाचा घट्टपणा १६ पट केला तर निर्धोक ताण दुप्पट होतो. ८१ पट केला तर तिप्पट. दहापट ताण हवा असेल तर घट्टपणा १०,००० पट हवा. वरवर पाहता हा सौदा महाग वाटतो. सोळा रुपये देऊन दोनचा माल. साध्या घट्ट द्रवाने तो केला असता तर वाहकतेत दिवाळेच निघाले असते. पण बहुवारिकाने घट्टपणा शेकडो पट वाढवणे स्वस्त पडते, आणि आयनांच्या वाटेला झळ थोडीच लागते. त्यामुळे सौदा परवडतो. या द्रवात अनेक धातूंचे थर अधिक स्थिर आणि सपाट बसले, आणि सर्वांत जास्त फरक पडला तो लिथियम आणि सोडियम या भडक स्वभावाच्या धातूंत.

सोडियमचे नाव आपल्याला जवळचे वाटायला हवे. लिथियम आपल्याला बाहेरून आणावा लागतो. सोडियम मिठात आहे, आणि मिठागरे आपल्या किनाऱ्यावर आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने पुण्याच्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने सोडियम-आयन घटाचे तंत्र विकसित केल्याचे जाहीर केले. त्या घटात सोडियम धातूच्या रूपात ठेवलेला नसतो, तो कार्बनमध्ये बसतो. पण चार्जिंगची घाई केली तर तिथेही वर धातू साचू शकतो. म्हणून साचणाऱ्या धातूला शिस्त लावायची विद्या त्यालाही हवीच.

इथे मुलामा देणारे कारागीर हसतील. म्हणतील, आम्ही वर्षानुवर्षे हौदात सरस टाकतोय, त्यात नवे ते काय? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तांबे शुद्ध करण्याच्या कारखान्यांत जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस खरेच वापरतात, आणि रेडिओ-संगणकांच्या पट्ट्यांवर तांबे चढवताना पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरतात. तेही बहुवारिकच. पण त्यांचे काम निराळे आहे. ते धातूच्या अंगाला चिकटतात, उंचवट्यांवर अधिक बसतात आणि तिथली वाढ रोखतात. त्यांना लांब साखळीची गरज नाही, आणि प्रमाणही अगदी थोडे लागते. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ते बहुवारिक पत्र्याला नव्हे, द्रवाला आवरते. दोन्ही उपाय एकत्र करता येतात, पण एकाला दुसरा समजण्याची गल्लत करू नये.

तशीच बॅटरीतल्या, म्हणजे हातातल्या टॉर्चच्या, कोरड्या घटाची गोष्ट. जुन्या जस्ताच्या कोरड्या घटात द्रव सांडू नये म्हणून त्यात पीठ आणि स्टार्च यांची खळ घालत. आपण कपड्यांना देतो तशीच. तेही घट्ट केलेले विद्युत्‌द्रावणच होते. पण तो घट पुन्हा भारित करायचा नसतो, त्यामुळे धातू बसवण्याचा प्रश्न तिथे उभाच राहत नव्हता.

शाळेतल्या शिक्षकांनी यातले थोडे मुलांना दाखवावे असे मला वाटते. काचेच्या बशीत मोरचुदाचे फिकट निळे द्रावण पातळ थरात घ्यावे. तांब्याच्या दोन तारा समोरासमोर बुडवाव्यात. त्यांना आधी दीड व्होल्टचा एक घट जोडावा आणि ऋण बाजूच्या तारेवर भिंगातून नजर ठेवावी. थर संथ आणि लालसर चढेल. मग दुसरी बशी घेऊन तिला नऊ व्होल्टची बॅटरी लावावी. तारेच्या टोकापासून काळपट-तांबूस, विस्कटलेली झुडुपे वाढताना दिसतील. एकच धातू, एकच द्रावण, फक्त घाई वेगळी. मोरचूद विषारी आहे, तेव्हा जेवणाची बशी वापरू नये आणि मुलांना हात धुवायला लावावेत. दुसऱ्या दिवशी भेंडीचा घट्ट लोळ एका वाटीत आणि पाणी दुसऱ्या वाटीत घेऊन काडीने ढवळावे आणि काडी झटकन बाहेर काढावी. पाणी फिरतच राहते. लोळ लगेच थांबतो, आणि तो पुरेसा घट्ट असेल तर त्यातले बुडबुडे थांबताना किंचित मागे सरकतात. साखळ्या परत गोळा होत असताना आपण त्यांना डोळ्यांनी पाहतो आहोत, हे मुलांना सांगावे.

एवढे सगळे असूनही बाजारात या पद्धतीचा घट का दिसत नाही? याला कारणे आहेत, आणि ती दुबळी नाहीत.

पहिले म्हणजे सगळीच झुडुपे भोवऱ्यांतून येत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत २०१६ मध्ये बाई, बाझांत आणि सहकाऱ्यांनी काचेच्या बारीक नळीत लिथियमची वाढ पाहिली. मर्यादी प्रवाहाच्या खाली, म्हणजे झरा आटलेला नसतानाही, लिथियम शेवाळासारखा वाढतो. मुळाशी वाढून वर ढकलला जातो. झरा आटल्यावर जी वाढ होते ती टोकाशी, सुईसारखी. साखळ्यांचा उपाय मुख्यतः दुसऱ्या जातीवर. शेवाळाचे कारण वेगळे आहे. लिथियम द्रवाशी रासायनिक क्रिया करून स्वतःवर एक साल तयार करतो, ती साल जागोजागी फुटते आणि त्या भेगांतून धातू बाहेर येतो. तिथे द्रव पातळ आहे की ताणदार, याने फारसे बिघडत नाही. मोबाइल रात्रभर संथपणे चार्ज करणाऱ्याचा त्रास बहुधा पहिल्या जातीचा. पंधरा मिनिटांत बस भरून काढू पाहणाऱ्याचा दुसऱ्या. म्हणून हा उपाय सरसकट रामबाण नाही, तो घाईवरचा उपाय आहे. अर्थात सध्या सगळ्यांनाच घाई आहे.

दुसरे, बहुवारिक लिथियमशेजारी टिकले पाहिजे. हा धातू इतका तापट की पाण्याचा थेंबही सहन करीत नाही. साखळीच्या कड्यांत त्याला खटकणारे काही असेल तर तो तिचे तुकडे करतो, आणि साखळी तुटली की तिचा गुण संपला. घट वर्षानुवर्षे चालायचा, तर साखळी तितकीच वर्षे लांब राहायला हवी.

तिसरी अडचण कारखान्याची आहे. घटाच्या आत पत्रे आणि पडदे गच्च गुंडाळलेले असतात आणि त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत द्रव शिरावा लागतो. पातळ द्रव आपोआप शोषला जातो. भेंडीच्या लोळासारखा द्रव त्या छिद्रांत कोण ढकलणार? यावर एक चांगली युक्ती निघाली आहे. आर्चर यांच्याच गटाने २०१९ मध्ये असे दाखवले की पातळ द्रव आत भरून, मग घटाच्या आतच त्याच्या रेणूंच्या साखळ्या जुळवता येतात; दूध मडक्यात ओतून मग विरजण लावावे तसे. त्यांनी डायॉक्सोलेन हा द्रव घेतला आणि अॅल्युमिनियमच्या एका क्षाराचे विरजण लावले. त्यांचा द्रव आत जाऊन पार घट्ट झाला, दह्यापेक्षाही घट्ट. अर्धवट लागलेल्या दह्यासारखा, साखळ्या लांब पण अजून वाहता, असा द्रव आत तयार करून तो वर्षानुवर्षे तसाच ठेवायचा, हे काम अजून व्हायचे आहे.